नेमाण्णा डॉक्टरांचा डाग

नेमाण्णा डॉक्टरांची नक्कल करायची असंल तर आधी दोन्ही हात शेगडीवर शेकून घ्यायचे. मग मान डावीकडं टाकायची, एक डोळा बारीक करायचा आणि समोरच्या पोराच्या पोटाला विचारायचं, "एनप्पा, काय म्हणतंयस?" पोराला न्हाय, त्येच्या आईला तर न्हायच न्हाय. पोटाला! आणि पोटानं काय तरी सांगितल्यासारखं "हां... हां..." करत बसायचं.

ही नक्कल मी निपाणीत कुठं केली न्हाय ते विचारा. मी तंबाखूच्या वखारीत कारकून, आणि डॉक्टरांचा दवाखाना बरोबर समोर. दिवसभर दारातनं त्येंचा खेळ बघायचा आणि सांजचं न्हाव्याच्या दुकानात तोच खेळ करून दाखवायचा. हेडमास्तरांची नक्कल केली की लोक टाळ्या वाजवायचे, पण नेमाण्णांची केली की वखारीत तंबाखू निवडणाऱ्या बायका डोळ्याला पदर लावून हसायच्या. त्येंच्यातल्या कितीतरी जणींची पोरं त्या शेकल्या हातांखालनं गेलती.

एकदा असाच खेळ रंगात आलाय आणि हसणाऱ्या बायका एकदम गप झाल्या. मागं वळून बघतोय तर डॉक्टर. मला वाटलं, आता कानाखाली आवाज निघतोय. डॉक्टर म्हणाले, "मान अजून डावीकडं पाहिजे. आणि मी हात आधी पोराच्या पायाला लावतो, मग पोटाला. नक्कल करतोस तर नीट कर की रे, नकल्या." आणि गेले निघून. तवापासनं मी त्येंच्यासाठी नकल्याच. माझं खरं नाव त्येंना ठावं हुतं का न्हाय, देव जाणे.

हात शेकायचं कारण त्येंनीच मला एकदा सांगितलं. "गार हात लागला की पोट दार लावून घेतंय. मग आतलं लिव्हर कुठवर आलंय ते बोटाला कसं कळणार? लेकराच्या पोटात शिरायचं तर पावण्यासारखं शिरावं, चोरासारखं न्हाय."

त्या वेळेला आमच्या मुलखात ह्या दुखण्यानं लई पोरं जायची. वर्षा-दीड वर्षाचं पोरगं, चांगलं रांगत-बसत असायचं. मग चिडचिडं व्हायचं, दूध टाकायचं, आणि बघता बघता पोट घागरीएवढं. हातापायाच्या काड्या, डोळे पिवळे, पोटावर निळ्या शिरा. गावातली शिकलेली माणसं म्हणायची, "लिव्हर झालंय." खेड्यातली म्हणायची, "पानथरी." नाव कुठलंबी घ्या, पोरगं तेच.

डॉक्टर म्हशीचं दूध बंद करायचे, तूप बंद, तळण बंद. ताकाची निवळ, मोसंबीचा रस, भाताची पेज आणि एक कडू मिक्श्चर. काही पोरं सुधारायची, काही न्हाय. डॉक्टर कुणाला खोटी आशा दावायचे न्हाईत. म्हणायचे, "ह्या रोगावर माझ्याकडं औषध थोडं हाय. लोकांकडं मातर लई हाईत. त्येंची औषधं पोराला लागू न देणं, हीच माझी डॉक्टरकी."

आणि जिभेला हाड न्हाय. एक तंबाखूचे व्यापारी आपलं पोरगं घेऊन आलते. पोरगं वाळत चाललंय म्हणून रोज वाटीभर तूप पाजत हुते. डॉक्टरांनी विचारलं, "शेठ, तुमच्या बैलाचा पाय मोडला तर त्येला लगेच नांगराला जुपताय का?"

"छ्या छ्या, असं कसं?"

"मग ह्येचं लिव्हर मोडलंय, त्येला तूप कशाला वढायला लावतायसा? साकु करा आता, साकु!"

साकु म्हंजे पुरे, आणि ते पोटाला म्हणायचं एनप्पा म्हंजे काय रे बाबा. डॉक्टर सदलग्याकडचे जैन, घरात कानडी. मराठी बोलताना "मी सांगितलो", "मी बघितलो" असं बोलायचे आणि राग आला की सगळी गाडी कानडीवर जायची.

डॉक्टरांचा दुसरा नाद ऐकायला जरा घाण हाय, पण सांगितल्याबिगर भागणार न्हाय. त्येंना पोराची शी बघायला लागायची. रोज. आईनं नुसतं "बरी झाली" म्हटलेलं चालायचं न्हाय. "लेकरू खोटं बोलत न्हाय. आई बोलती. घेऊन ये." मग बाया पळसाच्या पानात पुडी बांधून आणायच्या. एकदा एक बाई चुकून दवाखान्याऐवजी आमच्या वखारीत शिरली, पुडी मेजावर ठेवली आणि "डाक्टरास्नी द्या" म्हणून बाजाराला गेली. आमच्या माल तोलणाऱ्या तोलाऱ्याला वाटलं, भजी. पुढचं मी सांगत न्हाय. त्यो तोलारी अजून भजी खात न्हाय.

पण डॉक्टर ती पुडी उजेडात धरून असं बघायचे, जसा सोनार नथ बघतोय. शी चुन्यासारखी पांढरी असली की गप. पिवळी दिसली की तोंड फुलायचं. लिव्हरचं काम चालू झालं म्हंजे रंग येतोय, असं त्येंचं म्हणणं.

एखादं पोरगं गेलं की दुसऱ्या दिवशी डॉक्टर त्या घरी जायचे. आत जायचे न्हाईत. बाहेर कट्ट्यावर बसायचे. कुणी रडलं तर ऐकायचे, कुणी शिव्या दिल्या तरी ऐकायचे. उठताना पोराचं नाव एकदा घ्यायचे आणि चालू लागायचे. त्या दिवशी मी नक्कल करायचो न्हाय. बायकाबी कर म्हणायच्या न्हाईत.

आता डागाचं सांगतो.

पोटाचं दुखणं आलं की आमच्याकडं डाग द्यायची रीत. विळ्याचं टोक न्हायतर सळई लाल तापवायची आणि पोराच्या पोटावर टेकवायची. आतलं दुखणं चटक्यानं जळून जातंय म्हणायचे. पोरगं आधीच फुगलेलं, त्यात कातडं पाण्यानं ताणलेलं. तिथं डाग बसला आणि पिकला की संपलंच. डॉक्टरांनी आधी सांगून बघितलं, मग ओरडून बघितलं. बाया दवाखान्यात मान हलवायच्या आणि परत जाताना वाटेत डाग देऊनच घरी जायच्या.

मग एक दिवस एका बाईनं ती हात शेकायची शेगडी बघितली आणि हरखून विचारलं, "डाक्टर, तुमी बी डाग देतायसा व्हय?"

डॉक्टर काय तरी बोलणार हुते. ते सोडून उठले. कपाटातनं एक पांढरी काडी काढली. चामखीळ जाळायची काडी असतीय ती. पाण्यात बुडवून कातड्याला लावली आणि ऊन दाखवलं की काळी रेघ उमटतीय. नुसती रेघ. ना चटका, ना फोड. डॉक्टरांनी शेगडीवर उगच चिमटा तापवला, पोराला आईकडं पाठ करून दारातल्या उन्हात धरलं, आणि पोटावर काडीनं हलक्या तीन रेघा वढल्या. बाईनं काळ्या रेघा बघितल्या, डोळ्यांत पाणी आणलं आणि पाया पडून गेली. त्या पोराला मग कुणी डागलं न्हाय. एकदा डाग दिलेल्या पोराला परत कोण देतंय?

तवापासनं काडी चालू झाली. मला ठावं हुतं, कारण मी समोरनं सगळं बघतोय. डॉक्टरांनी फक्त एवढंच म्हटलं, "नकल्या, ही नक्कल करायची न्हाय हं."

म्हादूची पोरगी चंपी अशीच आलती. म्हादू जवळच्या वाडीतला, तंबाखू घेऊन वखारीत यायचा. चंपी दीड-दोन वर्षांची, पोट नगाऱ्यासारखं, डोळे हळदीचे. डॉक्टरांनी पोटाला विचारलं आणि किती तरी वेळ हात काढलाच न्हाय. रोज पुडी यायची, रोज पांढरी. चंपीची आज्जी तानाक्का डागासाठी अडून बसलेली, म्हणून चंपीलाबी काळ्या रेघा मिळाल्या. आणि एका सकाळी डॉक्टर पुडी घेऊन रस्ता वलांडून थेट आमच्या वखारीत! "बघ, बघ! रंग आला! मी सांगितलो न्हवं?" आमचा तोलारी मागच्या दारानं पळाला.

त्येनंतर थोड्याच दिवसांनी, बाजारादिवशी, दुपार कलल्यावर म्हादू वखारीत आला. लगबगीत हुता. मी म्हटलं, "चा घ्या की."

"न्हाय बाबा, आज घरला लवकर जायाचं हाय. कल्लाप्पा येणार हाय सदलग्याकडनं. चंपीला डाग द्यायचाय."

"अवो, दिलाय की डॉक्टरांनी!"

"त्यो उठलाच न्हाय. आईनं काल न्हाऊ घातलं तर काळं सगळं सोलून गेलं आणि खालनं कातडं कोरं करकरीत. आई म्हणती, डाक्टरचा हात कच्चा हाय."

म्हादूची बैलगाडी हलली तसा मी समोर पळालो. डॉक्टर दवाखान्यामागच्या घरात जेवायला बसलेले. दिवस मावळायच्या आत जेवायचं, न्हायतर उपाशी झोपायचं, असा त्येंचा नेम. मी दारातनंच सांगितलं. हातातला घास ताटात पडला. डॉक्टरीणकाकू म्हणाल्या, "अवो, पानावरनं उठू नये." डॉक्टर उठलेलेच हुते.

गाडी शोधण्यात लई वेळ गेला, मिळाली न्हाय. शेवटी वखारीची सायकल. डॉक्टर म्हंजे काय फुलाची परडी न्हवं. मागच्या कॅरेजवर एका अंगाला पाय सोडून बसले, मांडीवर बॅग, आणि सायकलचं पुढचं चाक उचलायला लागलं. दुसरी कुठली वेळ असती तर ह्या वरातीवर मी महिनाभर हसवलं असतं लोकांना. मी सवयीनं काय तरी बोलाय गेलो. मागनं आवाज आला, "पायडल मार. भाषण नको."

वाटेत म्हादूची गाडी कुठं दिसंना. त्यो आडवाटेनं आमच्या आधी पोचला हुता.

अंगणात गोवऱ्यांचा आर फुललेला. आरात विळ्याचं टोक. कल्लाप्पा बाजूला बसून हात धूत हुता. मी मनात कुणी तरी लाल डोळ्यांचा राक्षस धरून आलतो, आणि बघतोय तर पांढरं धोतर, कपाळाला भंडारा, शांत बोलणारा म्हातारा. नारळाबिगर काय घ्यायचा न्हाय म्हणे. तानाक्काच्या मांडीवर चंपी उघडी, पोट वर. आई रत्ना खांबाला धरून उभी.

"थांबा!" डॉक्टर सायकलवरनं उतरले का पडले, मला कळलं न्हाय.

कल्लाप्पा उठून उभा राहिला. हात जोडले. "या डाक्टर. बरं झालं आलासा. तुमीच द्या. तुमचा हात हलका." आणि विळ्याची मूठ फडक्यात धरून त्येनं विळा डॉक्टरांच्या पुढं केला. टोक लालभडक.

डॉक्टर मागं सरले. "ह्या पोरीला डाग द्यायचा न्हाय. तिच्या पोटात पाणी हाय. पिकला तर जाईल ती."

"आता असं का म्हणतायसा? तुमी बी देतायसा की. मी अख्ख्या मुलखात सांगतोय, निपाणीचा शिकलेला डाक्टर बी डाग देतोय. ज्या आया आधी भ्यायच्या, त्या बी आता पोरं घेऊन येत्यात."

डॉक्टरांचं तोंड मी तसं कधी बघितलं न्हवतं. एकेका पोराला वाचवायला वढलेल्या त्या काळ्या रेघा, गावोगाव खऱ्या विळ्याची वाट करून देत हुत्या. त्येंनी हातातली बॅग खाली ठेवली. मग सदरा वर केला. पोटावर जुने, पांढरे पडलेले डाग.

"हे बघा. मला बी दिलते, लहानपणी."

तानाक्का म्हणाली, "मग? वाचलासा न्हवं?"

"माझ्या बहिणीला त्याच दिवशी दिला. तिचा पिकला. ती गेली."

"ते ज्येच्या त्येच्या नशिबाचं," कल्लाप्पा म्हणाला. वंगाळ हेतूनं न्हाय, समजूत घालावी तसं म्हणाला. तेच लई वंगाळ वाटलं. विळा परत आरात गेला.

डॉक्टरांनी बॅग उघडली. पांढरी काडी काढली, तांब्यातल्या पाण्यात बुडवली आणि आपल्या हातावर तीन रेघा वढल्या. "बघा. हीच. चंपीला हीच लावलो मी. ह्यात आग न्हाय. डाग दिलोच न्हाय मी. कुणालाच दिलो न्हाय. सगळं खोटं हुतं."

रेघा ओल्या, पाण्यासारख्या. काळ्या कुठं? डॉक्टरांनी हात उन्हात धरला. ऊन कलतीला लागलेलं, घराची सावली अंगणात सरकत हुती. सावली हातावर आली की डॉक्टर एक पाऊल मागं सरायचे, परत आली की परत. सगळी माणसं त्या हाताकडं बघत उभी. चंपी किरकिरत हुती. मग हळूहळू रेघा करड्या झाल्या, तपकिरी झाल्या, काळ्या झाल्या.

"म्हंजे आमास्नी फशीवलंसा?" तानाक्काचा आवाज चिरकला. "पाया पडलो की मी तुमच्या!"

म्हादू पुढं आला. हळू बोलला, पण ते मला अजून ऐकू येतंय. "डाक्टर, डाग खोटा. मग औषध तरी खरं हुतं का?"

मी डॉक्टरांकडं बघितलं. मनात म्हटलं, आता ठासून सांगा की, व्हय खरं हुतं, पोरगी वाचंल! एकदा आणखी खोटं बोला, काय बिघडतंय?

"औषध खरं हाय," डॉक्टर म्हणाले. "पुरं पडंल का, ते मला ठावं न्हाय."

संपलं, असंच वाटलं मला. तानाक्कानं चंपीला परत मांडीवर सरळ केलं. "आन रं कल्लाप्पा. ह्येंच्यापरीस तू बरा. तू फशीवत तरी न्हाईस."

कल्लाप्पानं फडकं हाताला गुंडाळलं. डॉक्टर मधी जायला लागले तर म्हादूनं त्येंचा दंड धरला. बैल धरावा तसा धरला. मी सायकल धरून उभा; जगात सगळ्यांचे आवाज काढणारा मी, माझा आवाज निघंना.

"आत्ती." रत्ना खांबापासनं हालून सासूपुढं आली. "डाग खोटा हुता न्हवं?"

"व्हय की! ऐकलीस न्हवं?"

"म्हंजे चंपीला डाग बसलाच न्हाय."

"तेच तर म्हणतोय मी!"

"मग तिची शी पिवळी कशानं झाली?"

तानाक्कानं पोरीचा पाय घट्ट धरला. रत्ना थांबली न्हाय.

"रोज मीच पुडी बांधतो न्हवं? मी बघितलोय. तीन दिवस झालं, चंपी पेज मागून खाती. डाग नसताना खाती." तिनं वाकून पोरीला सासूच्या मांडीवरनं उचललं. सासूची बोटं पोरीच्या पायाला धरलेली. रत्नानं ती एकेक करून सोडवली. सुनेनं असं करायचं म्हंजे त्या घरात पहिलीच वेळ असणार, कारण म्हादूनं डॉक्टरांचा दंड सोडला आणि तोंड उघडं टाकून बायकोकडं बघायला लागला.

कल्लाप्पानं आरातनं विळा काढला आणि पाण्याच्या बादलीत बुडवला. चर्र झालं. "आई न्हाय म्हणाली की मी देत न्हाय. माझा बी नेम हाय." मग डॉक्टरांना म्हणाला, "पण डाक्टर, तुमचं नाव घेऊन मी मुलखात सांगितलोय. आता लोकास्नी काय सांगू?"

"खरं सांगा."

"तुमालाच जड जाईल ते."

"जाऊ दे."

आणि गेलंच जड. पुढच्या बाजारापतोर सगळ्या खेड्यांत झालं, की निपाणीचा डाक्टर खोटारडा हाय. दवाखान्याची पायरी रिकामी पडली. काळ्या रेघांची पोरं बाया पुसून बघायच्या आणि शिव्या घालायच्या. काही जणींनी खरे डाग दिले. त्यातल्या एका पोराच्या घरी डॉक्टर दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर बसायला गेलते, तर त्येंच्या अंगावर शेणाचं पाणी टाकलं. तसेच बसून राहिले म्हणे. मी विचारलं, "डॉक्टर, परत काडी काढा की. चार पोरं वाचतील." म्हणाले, "चार वाचतील, आणि दहा जणांच्या आया म्हणतील डाक्टर बी देतोय. मी हिशेबात चुकलो, नकल्या." तवापासनं ते स्वतःच खेड्यांत जायला लागले. दारोदार. बहुतेक दारं उघडायची न्हाईत. म्हादूबी मग वखारीकडं फिरकला न्हाय, आणि चंपीचं काय झालं, हे डॉक्टरांना विचारायची मला भीती वाटायची. पोरगी बरी झाली असती तर त्येंनी स्वतःच सांगितलं असतं, असं मी धरून चाललो.

मला बेळगावात नोकरी लागली. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळंना, मोटारी कोळशावर चालायच्या. मी ट्रंक घेऊन मोटारीत चढलो. मोटार खोकत, धूर काढत बाजारपेठेतनं निघाली आणि दवाखान्याजवळ येऊन खाडकन थांबली. डायव्हर ओरडायला लागला, "ओ डाक्टर! सरका की! एकदा थांबली की चालू होत न्हाय ही!"

मी खिडकीतनं डोकं काढलं. रस्त्याच्या मधोमध नेमाण्णा डॉक्टर, एक हात वर करून मोटार अडवून उभे. त्येंच्या पुढं एक पोरगी, परकर घोट्यात अडकत असलेली, पोट अजून जरा पुढंच, एक पाय टाकायची आणि थांबायची. दवाखान्याच्या पायरीवर तानाक्का बसलेली; तिथनंच डॉक्टरांना झापत हुती, "धरा की तिला! पडंल! नुसतं बघत काय उभा ऱ्हायलायसा?"

डॉक्टरांनी तिला धरलं न्हाय. डायव्हरनं परत हॉर्न दाबला. ते आमच्याकडं न बघताच म्हणाले,

"थांब रे. चालू दे तिला."